रुमालाखालचा हात

१

माधवनगरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळचे साडेसात म्हणजे धनाजीमामांचा चहा. उजव्या हातात बशी, डावा हात मांडीवर, एक गुडघा वर. तीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस. खरसुंडीची जत्रा असो की मिरजेचा आठवडी बाजार, मामांशिवाय जोडी हलायची नाही. पुढं ट्रॅक्टर आले, बाजार ओस पडले, मामा घरी बसले. पण बसणं अजून बाजारातलंच होतं, कधीही उठून जायच्या तयारीतलं.

संयोगिता त्यांची भाची. औंधहून सांगलीला बी. फार्म. करायला आली, ती चार वर्षं मामांकडेच राहिलेली. वडीलधाऱ्यांचं ऐकून घ्यायची तिची तयारी असे, पण पहिल्या दोन वाक्यांपुरतीच.

त्या मंगळवारी चहा पिताना तिला दिसलं की मामांचा डावा हात मांडीवरून उठला. मामांनी तो उचलला नव्हता. तो आपला आपण उठला, मनगटात वळला, भिंतीच्या दिशेनं फेकल्यासारखा गेला आणि परत येऊन मांडीवर पडला. मामा शांतपणे बशीत फुंकर मारत होते.

“मामा, हाताला काय झालंय?”

“त्यो व्हय? चार दिस झालं. आपला आपन खेळतोय. खेळू दे.”

“वात हाय,” भामामामी चुलीपाशी असल्यासारखी गॅसपाशी वाकून म्हणाली. “त्याल लावलंय मी.”

संयोगिता उठली. तिनं फ्रिज उघडला. तीन महिन्यांत तिनं स्वतः आणून ठेवलेल्या इन्शुलिनच्या खोक्यांची सीलंही तुटलेली नव्हती.

“हे काय आहे?”

मामीनं तोंड फिरवलं. मग मामांनीच सांगितलं. विट्याकडचा एक माणूस कसलीशी पावडर देतो, सुईपेक्षा ती बरी.

“छान! म्हणजे मी फार्मसी शिकते आणि माझ्या घरात पावडर!” तिनं मामांचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर सहाशेच्या पलीकडे गेली की ते यंत्र आकडा सोडून देतं आणि नुसती दोन इंग्रजी अक्षरं दाखवतं.

ती दोन अक्षरं तिनं मामीच्या डोळ्यांपुढं धरली. “हे वाच. म्हणजे माणूस मरायला टेकलाय.”

२

दवाखान्यात चला म्हटल्यावर मामांनी मान हलवली. आज नाही. का नाही, ते सांगेनात. संयोगितानं कागदावर लिहिलेला डोस भरून सुई दिली, ती मात्र मामांनी मुकाट घेतली.

शेजारच्या बायका डोकावायला लागल्या तशी मामीला लाज वाटली. धडधाकट माणसाचा हात असा हवेत फेकला जातोय, लोक काय म्हणतील? तिनं खुंटीवरचा मामांचा रुमाल काढला. बाजारकऱ्यांचा तो मोठा, चौकड्याचा, खांद्यावर टाकायचा. मामांना भिंतीलगतच्या खाटेवर टेकवून तो तिनं त्यांच्या डाव्या हातावर घातला आणि कडा खाटेखाली खोचल्या.

आणि हाताचं फेकणं थांबलं.

मामीनं देवाला हात जोडले. संयोगिता मात्र स्टूल ओढून बसली. हात थांबला नव्हता. रुमालाखाली काहीतरी बारीक, सावकाश चाललं होतं. बोटं उघडत होती, मिटत होती. थोडी थांबत. मग पुन्हा. आधीचा हात वाऱ्यातल्या कपड्यासारखा होता, हा ऐकून घेणाऱ्या माणसासारखा वाटत होता.

तिला भीती वाटली नाही, कुतूहल वाटलं. मेंदूतून येणारी वेडीवाकडी हालचाल नुसत्या एका कापडानं शहाणी कशी होते?

३

दुपारी अर्जुनानाना आले. मामांचे बाजारातले जोडीदार, सत्तरीचे, कानानं मंद पण तोंडानं नाही.

“का रं गड्या, सुनेगत पदर घिऊन बसलायंस?”

मामा हसले नाहीत. अर्जुनानाना खाटेच्या कडेला टेकले आणि जुन्या सवयीनं, काही विचार न करता, त्यांनी आपला हात रुमालाखाली सारला.

त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी हात बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

“नाना, काय झालं?”

“काय न्हाई. जातो मी.”

“चहा टाकलाय!”

“नगं.”

ती त्यांच्यामागं अंगणापर्यंत गेली. “मला सांगितल्याशिवाय जाऊ देणार नाही. त्या हातात काय आहे?”

नाना चपला घालता घालता थांबले. “पोरी, बैलाचा भाव आमी कवा तोंडानं केला न्हाई. चार मान्सं ऐकत्यात. म्हनून रुमाल टाकायचा आन खालनं बोटं धरायची. एक बोट म्हंजी एक, दोन म्हंजी दोन. पंजा धरला की पाच. पंजा धरून वर एक दाबलं की सा. मूठ मिटली की पूज्य. एका अंगाला जनावराचा धनी, एका अंगाला गिऱ्हाईक, दलाल मदी. दलालाचा हात दोगांत फिरत ऱ्हातो.”

“मग?”

“धनाजीचा हात फिरतोय.”

“कशाचा सौदा आहे?”

“त्ये दलालाबिगर कुनाला ठावं नसतं.” फाटकाशी जाऊन ते वळले. “एकदा रुमाल पडला, की सौदा हुईस्तवर काढायचा न्हाई. कुनी टाकला त्यो?”

“मामीनं. झाकायला.”

नानांनी स्वयंपाकघराकडं बघितलं आणि नुसती जीभ चावली.

४

संयोगिता घरात आली तेव्हा मामांचा डोळा लागला होता. तिनं आधी स्वतःशीच वाद घातला. तीस वर्षं जी हालचाल केली, ती हाताच्या अंगवळणी पडलेली असणार. मेंदूचा ताबा सुटला की हात आपल्या ओळखीच्या वाटेनं जाणार, आणि रुमाल पडल्यावर तर जाणारच. अगदी साधं आहे. यात हात पुसण्यासारखं काय होतं?

तिनं आपला हात रुमालाखाली घातला.

आत ऊबदार होतं. मामांच्या हातानं तिचा हात लगेच शोधला. पंजा धरला, सोडला. पंजा धरून वर तीन बोटं दाबली, सोडला. पंजा धरून वर एक. मग हात तिला सोडून भिंतीच्या बाजूला सरकला आणि तिथं थांबला.

पाच, आठ, सहा.

पाचशे शहाऐंशी. तिनं यंत्र आणलं, मामांचं बोट टोचलं. सुईनंतर आता साखर आकड्यात आली होती. ५८६.

तिनं तो आकडा कागदावर लिहून ठेवला. मग तिनं केलं ते कॉलेजात शिकवतात तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. तिनं स्टूल उचलून खाटेच्या पायथ्याशी ठेवलं आणि बसली. रुमालाखालचा उंचवटा भिंतीकडून परत आला, पूर्वीच्या जागी चाचपला आणि मग पायथ्याकडे, तिच्याकडे, सरकायला लागला. ती उशाशी गेली. तो उशाशी आला. एकदा भिंत, एकदा ती. मामांचे डोळे मिटलेले, घोरणं चालू.

म्हणजे एका अंगाला भिंत आणि एका अंगाला मी, असं तिच्या मनात आलं. तिनं स्टूल चटकन मागं घेतलं. आणि थोड्या वेळानं, आता तो काय म्हणतोय ते कळावं म्हणून, पुन्हा पुढं ओढलं.

५

चार वाजता मामा जागे झाले ते बडबडतच. जीभ कोरडी, बोलणं जड.

“आता उठा. मिरजेला जायचंय.”

“सौदा अर्ध्यात टाकून उठत नसत्यात, संयू.”

“कोण आहे पलीकडं?”

मामांनी भिंतीकडं मान वळवली नाही. “बगितलं न्हाई. दलालानं तोंड बगायचं नसतं. आकडा बगायचा.”

मामी रडायला लागली. “आवं, काय बोलताय ह्ये!”

“मामी, तुझं रडणं नंतर,” संयोगिता म्हणाली. “मामा, रुमाल नाही काढायचा ना? नका काढू. रुमालासकट चला.”

मामांनी पाय खाटेखाली सोडले. रुमाल हातावर तसाच ठेवून, कडा सेफ्टी पिनांनी शर्टाला टाचून, तिनं त्यांना गाडीत घातलं. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर नीलिमा वाघमारे होत्या. त्यांनी मामांच्या मेंदूचा फोटो काढून घेतला आणि तो उजेडापुढं धरून दाखवला. उजव्या बाजूला, आत खोलवर, एक पांढरट ठिपका होता.

“हालचालींवर लगाम ठेवणारी जागा आहे ही. साखर फार वाढली आणि तशीच राहिली, की क्वचित कुणाला असं होतं. एका बाजूचा हात-पाय सुटल्यासारखा हलतो. साखर उतरली की बहुतेक थांबतं.” त्या स्पष्ट बोलत होत्या, संयोगिताला त्या आवडल्या. “झोपेत त्रास नाही होणार. झोपेत ही हालचाल बंद पडते.”

“झोपेतही चालूच होती.”

“मग झोप नसेल ती. ग्लानी असेल.”

ते पटण्यासारखं होतं. तिनं ते पटवून घेतलं.

६

वॉर्डातली कोपऱ्यातली खाट मिळाली. डाव्या अंगाला भिंत, मधे सलाईनच्या स्टँडपुरती फट. संयोगिता उजवीकडे बसली. दर तासाला सिस्टर यायच्या, बोट टोचायच्या, आकडा लिहून जायच्या.

आणि दर वेळी त्याच्या आधी हात सांगायचा.

चारशे चाळीस. तीनशे ऐंशी. तीनशे पाच. आधी भिंतीकडे जायचा, तिथं बराच वेळ गुंतायचा, मग मामांच्या पोटावरून तिच्याकडे येऊन बोटं धरायचा. अर्ध्या तासानं यंत्र तोच आकडा दाखवायचं. बुधवारी सकाळी ती इतकी रंगली, की सिस्टर आल्या आल्या म्हणाली, “दोनशे चौदा.”

सिस्टरनी यंत्राकडं बघितलं. “डोळ्यांत यंत्र बसवलंय का काय तुमच्या?”

शरीराला आपली साखर कळत असेल, असा तिनं मनाशी खुलासा केला. स्नायूंचा ताण आकड्याप्रमाणं बदलत असेल. कुणी अभ्यासच केला नसेल याचा. मीच करीन.

दुपारी एकशे चाळीस आली. डॉक्टर खूश झाल्या, इन्शुलिनचं ठिबक बंद केलं. मामी देवाचा नवस फेडायची भाषा करत घरी डबा आणायला गेली.

पण हात थांबला नाही. तो भिंतीकडे गेला आणि घासाघीस करून परत आला. एकशे बावीस. पुन्हा गेला. एकशे सात. ठिबक बंद, तरी आकडा उतरत होता. ब्याण्णव. सिस्टरनी डॉक्टरांना फोन केला, शिरेतून साखर चढवली गेली. यंत्रावरचा आकडा थोडा वर गेला, एकशे दहा. हात भिंतीकडे गेला. त्याहत्तर.

मामांच्या कपाळावर घाम फुटला होता. त्यांना हाक ऐकू जात नव्हती. आणि तेव्हा संयोगिताला एक गोष्ट लख्ख कळली. हात साखर ओळखत नव्हता. आधी आकडा ठरत होता, साखर त्याच्या मागून जात होती. भिंतीकडचं कुणीतरी भाव पाडत होतं आणि ते थांबणार नव्हतं. चाळीसला नाही, वीसलाही नाही.

तिनं वॉर्डाबाहेर येऊन अर्जुनानानांना फोन लावला.

“नाना, सौदा पटवायचा कसा? मला लवकर सांगा.”

“दलालाचा हात गच्च धरायचा, त्यो सोडायचा न्हाई. आकडा बोटानं सांगायचा आन पलीकडचा हात लागंस्तवर—” ते एकदम थांबले. “पोरी, तू कशाला इचारतीस? हात घालू नगंस त्यात. ऐक माजं. तुला ठावं न्हाई तू कुटं हुबी हायस—”

मामा तिकडं मरत होते आणि म्हाताऱ्याचं पुराण संपत नव्हतं. तिनं फोन कापला.

७

वॉर्डात ऊन आलं होतं. समोरच्या खाटेवरचा पेशंट संत्रं सोलत होता. सिस्टर दुसरी बाटली आणायला धावल्या होत्या. भिंत साधी, फिकट हिरव्या रंगाची, खालून ओल चढलेली.

तिनं हात रुमालाखाली घातला. मामांचा हात तापला होता. पंजा धरला, मग वर एक. मग एक बोट. एकसष्ट.

“नाही,” ती म्हणाली. तिनं त्यांचं एक बोट धरलं. सोडलं. पुन्हा एक धरलं. मग मूठ मिटून त्यांच्या तळव्यात ठेवली. एकशे दहा.

हात घुटमळला. मग भिंतीकडे निघाला. या वेळी तिनं तो सोडला नाही. मामांच्या अंगावर ओणवी होऊन ती त्याच्यासोबत गेली, सलाईनच्या नळीखालून, खाटेच्या काठापलीकडे, फटीत. रुमालही सरकत सोबत आला.

आत गार होतं. काठापलीकडे हात जाताच गारवा लागला, पहाटे गोठ्यात शिरल्यासारखा. वासही तसाच.

आणि मग तिच्या बोटांना बोटं लागली.

ती कोरडी होती. त्यांना घाई नव्हती. एकामागून एक ती तिच्या मनगटावर येऊन बसत होती आणि संयोगितानं, आपण हे का करतोय हे न कळता, डोळे मिटून ती मोजली. पाचावर थांबायला हवं होतं. सहा झाली. सात. आठ झाली, तेव्हा तिनं डोळे उघडले. रुमालावर तिच्या हाताचा उंचवटा होता, मामांचा होता आणि त्यापुढं भिंतीला लागून कापड आणखी उचललेलं होतं. तिथं भिंतीतून काही बाहेर आलेलं दिसत नव्हतं. फक्त कापड उचललेलं होतं.

हात ओढून घ्यावा असं तिला वाटलं. पण मामांचे ओठ निळसर पडत होते. तिनं पुन्हा सांगितलं. एक. एक. मिटलेली मूठ. आणि जे हाताला लागलं ते जीव खाऊन गच्च आवळलं.

समोरूनही आवळलं गेलं. अगदी मनापासून.

कापड खाली बसलं. मामांचा डावा हात तिच्या हातात ढिला पडला, झोपलेल्या मुलाच्या हातासारखा.

“एकशे दहा,” यंत्र बघून सिस्टर म्हणाल्या. “आली बाई वर एकदाची.”

८

गुरुवारी सकाळी एकशे दहा. नाश्त्यानंतर एकशे दहा. जेवणानंतर एकशे दहा. डॉक्टर वाघमारेंनी यंत्र बदललं, रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. तिथूनही तेवढीच आली. “पुस्तकातला पेशंट आहे हा,” त्या म्हणाल्या, पण जाताना दोनदा वळून बघून गेल्या.

शुक्रवारी सलाईनचा स्टँड काढला. भिंतीकडची फट मोकळी झाली. मामीनं पाठवलेला डबा घेऊन संयोगितानं स्टूल तिथं घातलं आणि भिंतीला पाठ टेकून निवांत जेवायला बसली. ओल आली होती, पण गार वाटत नव्हतं. भिंत ती भिंत. तिनं आधी हातानं थोपटून बघितली होती.

मामा जागे होते. डावा हात पोटावर स्वस्थ होता. रुमालाची घडी उशाखाली.

“सौदा पटला?”

“पटवला मी. तुम्ही कुठं शुद्धीत होता!” तिच्या आवाजात जरा ऐट होती. “एकशे दहाला.”

“त्ये कळलं. त्यो माजा वाटा. दलाली.”

“दलाली?” भाकरीचा तुकडा तिनं पिठल्यात बुडवला. “मग जनावराचा भाव?”

“त्यो त्येंच्यात ठरला. मला फकस्त माजा आकडा कळतो.” मामा छताकडं बघत होते. “पयलं मला वाटलं, जनावर मीच. पन दलालाला कोन घेतंय?”

तिनं घास तोंडात घातला आणि चावता चावता हिशेब मांडला. अजूनही तिला त्यात रस होता. “भिंतीकडं गिऱ्हाईक. तुम्ही मधे. मग इकडं, माझ्या अंगाला, धनी. म्हणजे धनी मी. बरोबर?”

“धनी बी भिंतीकडंच हुता.”

“एवढ्या फटीत दोघं?”

“दोगं.” मामांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही. “दलाल तीन ठिकानी हात लावतो, पोरी. गिऱ्हाइकाला, धन्याला. आन मदनं मदनं जनावराला. बुजू नये म्हनून. हुबं ऱ्हावं म्हनून. त्येच्या अंगावरच बोटं मोजायची लय जनांना सवय असती. त्येला कुटं कळतंय?”

ती चावायची थांबली.

“आणि मी हात दिला, तो?”

“जनावरानं आपनहून पाऊल टाकलं, की दोगंबी खूस हुत्यात.” मामा आता तिच्याकडं बघत नव्हते. तिच्या डोक्याच्या जरा वर, ओळखीचं माणूस आल्यावर बघावं तसं, ते बघत होते. आणि त्यांचा उजवा हात, आजारी नसलेला, उशाखालून रुमाल काढून, सौदा पुन्हा मांडावा तसा, तिच्या पुढ्यात टाकायला धडपडत होता. “संयू, उठ. उठ तितनं.”

तिच्या पाठीवर थाप पडली. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, पसरट तळव्याची, जड आणि सावकाश. माल मनासारखा मिळालेल्या माणसाची.

संयोगिता भिंतीला टेकून बसलेली होती. पाठ आणि भिंत यांच्यात कागद सरकवायलाही जागा नव्हती.